भुसावहिनींची मूठ

भुसावहिनींबद्दल लिहायला मी योग्य माणूस नव्हे. त्यांचं माहेर कुठलं, हेही मला ठाऊक नाही. शेजारच्या शेडमध्ये त्या गव्हाचं काड भरडून, तापलेल्या प्रेसमध्ये दाबून त्याच्या फळ्या करत आणि मी सुतार, एवढीच ओळख. केसांत कायम भुसा, म्हणून हे नाव. तेही त्यांनी हसत लावून घेतलं होतं.

शाळेच्या मुख्याध्यापिकांनी त्यांना सांगितलं होतं, की सोमवारी फळीचा तुकडा आणा, मी तो रात्रभर पाण्यात ठेवणार. फुगला नाही तर वाचनालयाची सगळी कपाटं तुमच्या फळ्यांची. हे काम गेलं असतं तर शेडला कुलूप लागलं असतं. मी मात्र चिडवत होतो, की गवताचं कपाट एखादी गाय खाईल.

"मग कडी मजबूत लावा, भावजी," त्या म्हणाल्या.

काड किती ओलं आहे हे त्या मुठीत दाबून ओळखत. मूठ उघडल्यावर ते लगेच मोकळं झालं तर ठीक, गोळा राहिला तर आणखी वाळवायचं. शनिवारी त्यांचा उजवा हात भाजून पट्टीत होता आणि डाव्यावर त्यांचा भरवसा नव्हता. प्रेसपाशी उभ्या राहून त्यांनी मला मूठ दाबायला सांगितलं. गोळा जरासा राहिला होता, पण माझ्या घट्टे पडलेल्या हाताला ओल लागली नाही. आपल्याला काय कळतं, असं वाटून मी "कोरडं आहे" म्हणून मोकळा झालो.

तापलेला प्रेस उघडताच आत कोंडलेल्या वाफेने फळ्या मधोमध फुटल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक माझी, असं पुटपुटलो. वहिनींनी फुटकी फळी बोटाने वाजवून पाहिली.

"काडाचीच आहे ना? पुन्हा भरडू."

रविवारभर आम्ही दोघांनी फुटक्या फळ्या भरडून नव्या काडात मिसळल्या. या वेळी त्यांनी पट्टी सोडून मूठ स्वतः दाबली.

मंगळवारी तुकडा बादलीतून निघाला, तेव्हा मुख्याध्यापिकांनी त्याची जाडी दोनदा मोजली. वाढलीच नव्हती. कपाटं मीच केली, कड्यांसकट.

वहिनींना जाऊन दोन वर्षं झाली. शेवटच्या दिसल्या तेव्हा त्यांनी शेडच्या दारातून मूठभर काड माझ्यापुढे धरलं.

"बघा बरं, भावजी."

मी दाबलं. "ओलं वाटतंय."

"मग राहू द्या उन्हात. उद्या बघू."