फर्म्यातली शेवटची चार पानं

मी आयुष्यात एक तुळसही धड जगवलेली नाही, आणि गच्चीवरच्या बागेवर माझं दोनशे आठ पानांचं पुस्तक आहे. मुलांना कसं वाढवावं हे मी लग्नाच्या आधी लिहिलं. निवृत्तीनंतरचा दिवस कसा घालवावा, हे नोकरीची पंधरा वर्षं शिल्लक असताना लिहून मोकळा झालो. आमचे प्रकाशक सीताबर्डीच्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर बसत. कवी आला की त्याला चहा पाजत आणि कविता न ऐकताच जिना दाखवत. लोकांच्या उपयोगाचं तेवढंच छापायचं, असा त्यांचा बाणा. घरसंसार, बाग आणि निवृत्ती अशी तीन कपाटं होती त्यांच्याकडे, आणि तिन्ही कपाटांत मी होतो.

पुस्तकं किती खपली याबद्दल मी गावभर जे सांगत आलो ते असं, की विदर्भात माझं पुस्तक नसलेलं घर दाखवा आणि मी मिशी काढतो. रामटेकच्या गडावर एका माकडानं माझ्या हातातला प्रसाद सोडून पुस्तकच पळवलं आणि फांदीवर बसून अनुक्रमणिका चाळली, हे तर मी इतक्या लग्नांच्या पंगतीत सांगितलं आहे की आता मलाही ते माकड आठवतं. डाव्या कानाला जरा फाटलेलं होतं.

बागेच्या पुस्तकातलं बरंचसं मात्र खरं होतं, कारण ते माझं नव्हतं. माळ्यांना विचारून, रोपवाटिकेत तासन्‌तास उभं राहून, शेजारणींच्या कुंड्यांत नाक खुपसून जमवलेलं. घोळ शेवटी झाला. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या घडीनं छापतात, त्या घडीला फर्मा म्हणतात. माझा शेवटचा फर्मा बारा पानांतच संपत होता.

"चार पानं कोरी सोडली त गिऱ्हाइकाले वाटते आपण नुसता कागद विकून राहिलो," प्रकाशक फोनवर म्हणाले. "संध्याकाळपर्यंत काहीतरी द्या."

माझी सासुरवाडी नरखेड तालुक्यातली, संत्र्याची बाग असलेली. तिथे सासरे जेवताना दुसरं काही बोलत नसत, बागेचंच बोलत. झाडानं फुलावर यावं म्हणून आधी त्याचं पाणी तोडतात. याला ताण देणं म्हणतात. झाड तहानेनं मलूल होतं, थोडी पानं टाकतं, आणि मग पाणी सोडलं की फुलांनी भरून येतं. सासऱ्यांचं हे बोलणं मी पुरणाची पोळी खाता खाता ऐकलेलं. त्या दुपारी तेवढ्यावर चार पानं लिहिली. झकास लिहिली. "गच्चीवरच्या संत्र्यालाही दीड महिना ताण द्या. थेंबभरही पाणी नको. पानं गळतील, घाबरू नका. पानगळ ही ताण बसल्याची खूण आहे."

बागेतल्या झाडाची मुळं काळ्या मातीत खोल उतरलेली असतात, तिथली ओल दीड महिना पुरते. कुंडीत माती किती? हा प्रश्न मला पडला नाही. चार पानं भरली याचाच आनंद होता.

आमच्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर एक बाई राहतात. शाळेत शिकवायच्या, माझ्या मुलीलाही त्यांनीच शिकवलं. त्यांचे यजमान तीन वर्षांपूर्वी गेले. यजमानांनी निवृत्तीच्या वर्षी स्कूटरवर पायांत धरून संत्र्याचं कलम आणलं होतं आणि गच्चीवर प्लास्टिकचा ड्रम अर्धा कापून त्यात लावलं होतं. आपल्या हातचं संत्रं खाऊ, म्हणायचे. झाड माणसाच्या उंचीचं झालं, पण फळ धरलं नाही, आणि ते गेले. बाईंना त्या झाडाचं एक फळ बघायचं होतं. एकच. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं होतं, आणि त्यावर मी माझं पुस्तक सही करून भेट दिलं होतं.

डिसेंबरात त्या जिन्यात भेटल्या. "भाऊ, तुमच्या पुस्तकाप्रमाणे आजपासून पाणी बंद केलंय. कॅलेंडरवर खूण केली आहे."

"बाई, मार्चमध्ये बघा," मी म्हणालो. "फुलांचा वास असा सुटेल की सोनेगावला उतरणारी विमानं आपल्या गच्चीवर येतील."

जानेवारीत त्यांनी मला वर बोलावलं. ड्रमभोवती पिवळी पानं पडली होती आणि बाई खूष होत्या. "गळायला लागली. बसला ना ताण?"

मी मातीत बोट घातलं. माती नव्हती ती, विटेचा चुरा होता. त्या क्षणी "बाई, आत्ताच्या आत्ता पाणी घाला" एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं. पण मी पुस्तकाचा लेखक होतो.

"उत्तम," मी म्हणालो. "अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं."

दीड महिना त्यांनी एकेक दिवस खोडून काढला. मग पाणी दिलं. झाड फुललं नाही. पंधरा दिवसांनी फांदी वाकवून बघितली तर ती पापडासारखी मोडली. बाईंनी मला विचारलं, काय झालं असेल, आणि मी म्हणालो, "डिंक्या असेल. संत्र्याचा रोग आहे. फार वाईट रोग."

"नाही भाऊ." बाई ड्रमच्या कडेवरून हात फिरवत होत्या. "रोगबीग नाही. मीच घात केला. विसाव्या दिवशी मला पाहवलं नाही हो. तांब्याभर पाणी घातलं मी चोरून. तुम्ही तर स्पष्ट लिहिलं होतं, थेंबभरही नको. ताण मोडला माझ्या हातून."

मी पन्नास वर्षं तोंडानं जगलो. वरातीत, बारशाला, तेराव्यालासुद्धा माझ्याकडे बोलायला काहीतरी असतं. तेव्हा मी नुसती मान हलवली, आणि ती मान हलवणं होकारासारखं दिसलं हे मला जिना उतरताना कळलं.

घरी बायकोनं विचारलं, "काय झालं त्यांच्या झाडाले?"

"डिंक्या."

"डिंक्या कसा दिसते, माहीत आहे का तुमाले?"

मी वर्तमानपत्र उघडलं. ती शेतकऱ्याची मुलगी. तिनं पुढे विचारलं नाही, पण संध्याकाळी वाटीभर आंबील वर बाईंकडे नेऊन दिली, आणि मला वाढलीच नाही.

मार्च संपताना बाई जिना उतरून आमच्या दारात आल्या. पेढे होते हातात. "फुटलं भाऊ. खालून फुटलं. हिरवंगार."

मी धावत वर गेलो, गुडघ्याची शपथ. खरंच खोडाच्या बुंध्यातून दोन फुटवे आले होते, तरतरीत, काट्यांसकट. माझ्या छातीवरचा अख्खा अंबाझरी तलाव उतरला. आणि मी कसला माणूस बघा. चारच दिवसांत इमारतीच्या फाटकाशी उभा राहून सांगत होतो, की ताण देण्याची पद्धत अशी आहे माझ्या पुस्तकातली, मेलेलं झाड उठून बसतं. एका गृहस्थानं तर वहीत लिहून घेतलं.

एप्रिलमध्ये माझा साळा संत्र्याची थैली घेऊन आला. तो बाग करतो, आणि त्याचं आणि माझं नातं असं की तो माझी पुस्तकं वाचत नाही आणि मी त्याची संत्री मोजत नाही. बाईंना कळलं की बागवाला आला आहे. त्यांनी त्याला कौतुकानं वर नेलं. त्यानं फुटव्याचं एक पान तोडलं, चुरगाळलं, नाकाशी धरलं. मग माझ्याकडे बघितलं.

"बाई, याले पाणी केव्हापासून..." तो सुरू झाला.

"चला, पोळ्या थंड होतात," मी त्याचा दंड धरला.

जिन्यात त्यानं दंड सोडवून घेतला. "भाऊजी, ते संत्रं नोहे. जंबेरी होय. संत्र्याचं कलम जंबेरीच्या खुंटावर बांधतेत. वरचं संत्रं मेलं, खालचा खुंट फुटला. याले आंबट गोटे लागतीन, संत्रं नाही लागनार कदीच." दोन पायऱ्या उतरून तो थांबला. "पण कुंडीत ताण द्याले कोनं सांगतलं त्या बाईले?"

"कुठल्या तरी पुस्तकात वाचलं म्हणे त्यांनी."

"ज्यानं लिहिलं न, त्याले मे महिन्यात गच्चीवर बांधून ठेवाले पाह्यजे. पाण्याचा गिलास समोर ठेवून."

जेवताना मला आग्रह करकरून वाढत होता तो. त्याला कळलं नव्हतं की काय, कोण जाणे. बायको मात्र माझ्या ताटाकडे बघत होती.

तो गेला, आणि नागपुरात हे माहीत असलेला मी एकटा उरलो. मी विचार केला. जंबेरीला फळ धरायला दोन-चार वर्षं लागतील. तोवर कोण आहे, कोण नाही. बाई आनंदात आहेत. आनंदात असलेल्या बाईला उगाच कशाला. असं मी आठवडाभर स्वतःला समजावलं, आणि समजावण्यात मी पटाईत आहे.

मग एका सकाळी बाईंनी बोलावलं. टेबलावर माझ्या बागेच्या पुस्तकाच्या पाच प्रती होत्या, नव्या, दुकानातून आणलेल्या. "आमच्या शाळेतल्या पाच जणी यंदा निवृत्त होताहेत. त्यांना देईन म्हणते. दोघींच्या गच्चीवर संत्रं आहे. मी सांगितलंय त्यांना, माझं उठलं, तुमचंही फुलेल, फक्त मी केली तशी चोरी करू नका. तेवढ्या सह्या करा भाऊ."

पेन उघडलं. पहिली प्रत उघडली. सही करताना मी नेहमी खाली एक फूल काढतो. ते फूल काही निघेना.

"बाई," मी म्हणालो, "पान दोनशे पाच काढा."

त्यांनी काढलं. मी सांगत गेलो. फर्मा, चार पानं, सासऱ्यांची बाग, काळी माती, डिंक्या. आणि जंबेरी. ते सांगताना मी गच्चीच्या दाराकडे बघत नव्हतो. बाईंनी चष्मा लावून चारही पानं वाचली, शाळेत वाचायच्या तशी, ओठ हलवत.

"हे तुम्ही बघून लिहिलंत?"

"ऐकून."

"कुठल्या कुंडीबद्दल?"

"कुंडी नव्हती बाई. शेत होतं."

त्यांनी पुस्तक मिटलं. "म्हणजे त्या तांब्यानं," त्या म्हणाल्या, "काही बिघडलं नव्हतं."

"रोज तेवढा घातला असता तर..."

त्या उठून गच्चीवर गेल्या. मी बसून राहिलो. खिडकीतून त्यांची पाठ दिसत होती, आणि त्यांच्यापुढे ते वाळकं खोड. रडत होत्या की नाही ते मला ठाऊक नाही. इतर वेळी मी इथे काहीतरी रचलं असतं.

परत आल्या त्या थेट मुद्द्यावर. "किती घरांत आहे हे पुस्तक?"

"फार नाही."

"तुम्ही तर म्हणता, विदर्भात घर नाही असं..."

"नाही बाई. गठ्ठे पडून आहेत प्रकाशकांकडे. ते माकडाचंही खरं नाही."

त्या हसल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा माझी पुस्तकं खपली नाहीत याचा मला आधार वाटला. पण जी खपली ती कोणाकडे गेली, त्यांच्या गच्चीवर काय होतं, हे मला कळायचा मार्ग नाही.

बाईंनी कागद पुढे सरकवला. "शुद्धिपत्र लिहा. आत्ता."

मी लिहिलं, "मुद्रणातील दोषामुळे पृष्ठ २०५ ते २०८ वरील मजकूर..."

लाल पेन मध्ये आलं आणि पहिले दोन शब्द गेले. "छापखान्यानं काय केलं तुमचं?"

मी लिहिलं, "अनवधानाने."

तेही गेलं. "अनवधान नाही. तुम्हाला माहीत नव्हतं आणि तुम्ही लिहिलं. लेखकाला माहिती नसताना, असं लिहा."

तसं लिहिलं. कुंडीतल्या संत्र्याचं पाणी कधीही तोडू नका, हे त्यांनी सांगितलं तसं खाली घातलं. प्रकाशकांनी चिठ्ठी वाचून कपाळाला हात लावला. अशा चिठ्ठीनं पुस्तक कोण घेईल, म्हणाले. पण गठ्ठे तसेही पडूनच होते. दोन दिवस मी त्यांच्याकडे जमिनीवर बसून खळ लावून चिठ्ठ्या चिकटवत होतो. बाईंनी पाचही प्रतींवरच्या स्वतः तपासल्या. एक वाकडी होती, ती उचकटून पुन्हा लावायला लावली.

साळ्यानं निरोप पाठवला होता, की जंबेरीवर संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरची फुटायची कळी, बांधून देतो, झाड पुन्हा संत्र्याचं होईल. मी तो मोठ्या आशेनं वर नेला.

"डोळा कुठला?" बाईंनी विचारलं.

"त्याच्या बागेतला."

"नको. खालचं मूळ आमच्या यांनीच आणलेलं आहे ना? जे येईल ते येऊ द्या. लोणचं घालीन."

उन्हाळ्यात बाई आपल्या मुलीकडे महिनाभर गेल्या. किल्ली माझ्या बायकोकडे दिली. पाणी मी घालायचं, सकाळी एक तांब्या आणि ऊन उतरल्यावर एक, असं बायकोला सांगून गेल्या. मला नाही सांगितलं. मी रोज जातो. जंबेरी कमरेएवढी झाली आहे, वाळकं खोड अजून मधोमध उभं आहे. तांब्या ओततो. माती पाणी गटकन पिते. मग खाली जिन्यात कोणी नाही ना, बघतो, आणि आणखी एक ओततो.