टेन्शन असलं तरच गोळी

माझा मुलगा ओविद येत्या शुक्रवारी उकळत्या पातेल्यात डोक्यावर पडेल, ही काळजी काही केल्या माझ्या मानगुटीवरून उतरत नाही. ऐकायला हास्यास्पद वाटतं, मान्य आहे. पण त्याच्या पातेल्यात एखादं वासरू आरामात मावेल. आणि त्याच्या डोक्याची ओळख झाली, तर माझी काळजी तुम्हालाही रास्त वाटेल.

ओविद फोंतेनो, वय चाळिशीच्या पुढे, धंदा बायूकाठी, म्हणजे आमच्या दलदलीतल्या संथ खाडीच्या काठी, बोटींची इंजिनं दुरुस्त करण्याचा. गिऱ्हाईकाने तेल बदलायला आठवडाभर उशीर केला तर त्याला बापाचा खून झाल्यासारखा राग येतो. स्वतःचं शरीर मात्र देखभालीशिवाय चालावं, अशी त्याची अपेक्षा आहे. हा गुण वडिलांचा. माझा नवरा एमीलही म्हणायचा, "मला काही होत नाही." खरंच होत नव्हतं. जे व्हायचं ते एकदाच झालं, मेंदूत रक्तस्राव, आणि तेही ओविदच्याच आताच्या वयात.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर ओविदची बायको मारिएल त्याला ओढतच डॉ. गिद्रींकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाई गुणी. घाई नाही, ओरडणं नाही. बीपी दोनदा मोजलं, घरी मोजायला यंत्र दिलं, मीठ कमी करायला सांगितलं आणि रोज सकाळी एक गोळी लिहून दिली. चूक एकच झाली. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. हायपरटेन्शन.

गेल्या रविवारी दोघं माझ्याकडे जेवायला होते.

"बीपी कसं आहे रे?" मी विचारलं.

"झकास! या महिन्यात गोळीच लागली नाही."

"लागली नाही म्हणजे?"

"अगं, टेन्शनच नव्हतं. सासूबाई टेक्ससला गेल्यात ना."

"माझ्या आईला मध्ये आणू नकोस हं," मारिएल म्हणाली.

"मी कुठे आणतो? त्या आपणहून येतात."

मी चमचा खाली ठेवला. "ओविद, हायपरटेन्शन म्हणजे चिंता नव्हे. रक्तवाहिन्यांवरचा दाब. तू शांत झोपलेला असलास तरी तो असतोच."

"आई, नावातच टेन्शन आहे. डॉक्टरांनी स्वतः सांगितलं. आता तू त्यांच्यापेक्षा शहाणी का?"

इतकी वर्षं मुलांना विज्ञान शिकवून घरात हे पीक आलं.

"मीठ तरी सोडलंस?"

"कधीच!" असं म्हणत त्याने भातावर लाल मसाल्याचा डबा उपडा केला. भात गुलाबी होऊन दिसेनासा झाला.

"आणि हे काय?"

"हे मीठ नाही, आई. मसाला आहे."

डब्यावरच्या घटकांत पहिलंच नाव मिठाचं आहे. पण आमच्याकडे डब्यावरचं वाचणं हा बायकी प्रकार समजतात.

इथवर मी हसून सोडून दिलं असतं. पण मागच्या तपासणीत बीपी चढलेलंच निघालं. डॉ. गिद्रींनी विचारलं, "गोळी रोज घेता ना?" साहेब म्हणाले, "हो, मॅडम." बाईंसमोर नाही म्हणणं त्याला असभ्य वाटतं, लहानपणापासून चांगलं वळण लावलंय ना मी. आता त्या बिचारीने काय समजायचं? रोज घेऊनही गोळी पुरत नाही, असंच ना? तिने जास्त ताकदीची दिली.

आणि शुक्रवारी आहे स्पर्धा. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या, शुक्रवारी आम्हाला मांस वर्ज्य, मासळी चालते. त्या त्यागाचं दुःख सुसह्य व्हावं म्हणून चर्चच्या आवारात क्रॉफिशची, म्हणजे गोड्या पाण्यातल्या झिंग्यांसारख्या जिवांची, पोतीच्या पोती उकळतात आणि कुणाची चव सरस यावरून पुरुषमाणसं वर्षभर अबोला धरतात. ओविदला गेल्या वर्षी दुसरं बक्षीस मिळालं. ते तो अपमानात मोजतो.

"त्या दिवशी मात्र टेन्शन असणार," तो म्हणाला. "सकाळीच दोन घेऊन टाकतो. नवीन जोरदार आहेत."

नाताळात त्याच्या सासूबाई आल्या तेव्हा जुन्या, साध्या गोळ्या त्याने अशाच दोन घेतल्या होत्या. खुर्चीवरून उठला, बीपी धाडकन उतरलं आणि थेट गालिच्यावर आडवा झाला. सासूबाईंना वाटलं, जावई अखेर नम्र झाला. तिथे गालिचा होता. शुक्रवारी पुढ्यात उकळतं पाणी असेल.

निघताना मारिएल दारात हळूच म्हणाली, "आई, मी बोलून बोलून थकले. मी डॉक्टरांना कळवीन म्हटलं, तर दोन दिवस गॅरेजमध्ये झोपला."

त्याने ट्रकमधून ऐकलंच. "डॉक्टरांना कुणी काही सांगायचं नाही! मी काय शाळेत आहे?"

मी काही बोलले नाही. त्याने तो होकार धरला. आमच्या घरात पुरुषांना गप्प बाईचा होकार फार चटकन ऐकू येतो.

दवाखाना मला त्याच्याबद्दल एक अक्षर सांगणार नाही, तसा नियमच आहे. नाही सांगितलं तर नाही. मला काही विचारायचंच नाहीये. आईचं ऐकून घ्यायला कुठल्या नियमाची आडकाठी नसावी. ओविद चिडेल, महिनोन्‌महिने माझ्या टेबलाशी बसणार नाही, टेन्शनच्या यादीत सासूबाईंखाली माझंही नाव घालेल. घालू दे. चिडायला तो जागेवर असला म्हणजे झालं.

उद्या दवाखाना उघडला की फोन करणार आहे. फार पाल्हाळ लावायचं नाही. मी ओविद फोंतेनोची आई. तो गोळी रोज घेत नाही, कधीच रोज घेत नव्हता, आणि शुक्रवारी नव्या दोन एकदम घेणार आहे. एवढं डॉक्टरीणबाईंच्या कानावर घाला, आणि त्याला शुक्रवारच्या आधी बोलावून घ्या.