एका झोपेचं अंतर

"तू एक झोप म्हणाला होतास. आई झोपली, उठली, दाराकडे बघत बसली. कुठे होतास तू?"

"विमान आलं नाही. मी काय पाठीला पंख लावू?"

"कुत्री जुंपून निघाला असतास तर पोचला असतास. ती गेली तुझी वाट बघत. आता तू मला मेलास."

वायरलेसवर अलासी आणि तिचा भाऊ पुटुगुक भांडत होते. तेव्हा घरोघरी फोन नव्हते, वायरलेसवर एक बोलला की सगळं गाव ऐकायचं. मी सीलचं कातडं खरवडत होते, हात तसाच राहिला.

पुटुगुक आमचा शेजारी. आम्ही बर्फातली माणसं वाट झोपांत मोजतो. जितके मुक्काम, तितक्या झोपा. अलासी आईला घेऊन दूर कौसुइत्तुक गावी राहायची. कुत्र्यांच्या गाडीने तिथवर कितीतरी झोपा, विमानाने तास-सव्वा तास. पुटुगुक जन्मात एकदाच विमानात बसला होता, तोही सबंध वाट घोरत. म्हणून त्याच्या लेखी विमानाची वाट एक झोप. आई अंथरुणाला खिळल्यावर त्याने तेच कळवलं. पण डोंगरावरून वारा सुटला की आमच्या धावपट्टीवर विमान टेकत नाही, घिरट्या घालून परत जातं. वारा पडेपर्यंत तिकडे आईला पुरूनही झालं होतं.

पुढे त्याने विमानातलं सामान उतरवायचं काम धरलं. दर विमानाने बहिणीला मांसाचं खोकं पाठवायचा. वैऱ्याचाही वाटा राखायचा, ही आमच्यातली रीत. ती खोकं न उघडता परत धाडायची. तो ते लाथाडायचा, टवळी उपाशी मरू दे म्हणायचा, आणि पुढच्या विमानाला नवं खोकं घेऊन हजर. एकदा तरी तिने ते उघडावं, एवढीच त्याची आस होती, पण कबूल कोण करतो? मी म्हटलं, पुरे कर आता. तर म्हणाला, तू तुझं पातेलं सांभाळ.

असेच दोघं म्हातारे झाले. मग एका वसंतात पायलटने निरोप आणला. अलासीने अंथरूण धरलं होतं. तिने सांगून पाठवलं होतं, "त्याला म्हणावं, येऊ नकोस. आणि मांस बारीक कापून पाठव, मला दात राहिले नाहीत."

पुटुगुक तडक माझ्याकडे आला आणि माझा उलू मागू लागला. तो आमचा बायकांचा गोल पात्याचा सुरा, पुरुष त्याला हात लावत नाही.

मी म्हटलं, "वेण्याही घालून देऊ का?"

"तोंड आवर, म्हातारे."

माझ्याच घरात जमिनीवर फतकल मारून त्याने सीलचं मांस नखाएवढं बारीक केलं. प्रत्येक तुकड्यागणिक बहिणीचा उद्धार चालू होता. मी मदतीला हात पुढे केला, तर फटकन झिडकारला.

पुढचं विमान आलं तेव्हा वारा पूर्ण पडला होता, आत जागाही रिकामी होती. बहिणीला जाणारं ते त्याचं शेवटचं खोकं ठरणार हे कुणाला ठाऊक? पायलट म्हणाला, बस की, भेटून ये.

"तिने ये म्हटलंय का?" पुटुगुक त्याच्यावरच खेकसला.

त्याने खोकं आत सरकवलं, दोरी ओढून पाहिली, गाठ परत आवळली, आणि बहिणीच्या नावाने शिव्या घालत सामानाच्या ट्रककडे वळला.