जमिनीवर टाकलेला लगाम

माझा थोरला भाऊ घोडदळात होता, हे तो स्वतः कमी आणि आमची आई जास्त सांगायची. पाहुणा उंबऱ्याच्या आत आला रे आला की हिची टकळी सुरू. दादा बिचारा गोठ्यात पळायचा.

तसा तो शेतकरीच. लढाईला घोड्यावर बसता येणारी पोरं हवी होती आणि ह्याला बसता येत होतं, एवढाच त्याचा गुन्हा. लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच गेला. मागे राहिलो आई, वहिनी, मी, नदीकाठचं शेत आणि जन्मतःच आई गेलेलं एक तांबूस शिंगरू.

वहिनीला मूल नव्हतं. होणार कसं, नवरा सरहद्दीवर! तिनं त्या शिंगराला बाटलीनं दूध पाजलं, थंडीत स्वतःचं पांघरूण घातलं. तांबडी म्हणायची त्याला. पुढे त्याच तांबडीला जुंपून तिनं शेत कसलं, आम्हा दोघींना जगवलं. वहिनी "ये गं बाई" म्हणाली की ती असेल तिथून यायची, तोंडात घास असला तरी. पण भित्री भागूबाई! वाळलेलं पान वाजलं की घराकडे धूम.

दादा परत आला तो एक गुडघा वाकेनासा होऊन आणि तोंडाला कुलूप लावून. दिवसचे दिवस ओसरीवर बसून राहायचा. तांबडीचं बुजणं बघून मात्र उठला. म्हणाला, "हिला शिकवतो."

काय शिकवलं, तर लगाम जमिनीवर टाकला की उभं राहायचं. परत उचलून हातात धरेपर्यंत हलायचं नाही, आभाळ कोसळलं तरी. "खाली उतरून गोळ्या झाडायच्या, मागे वळलं की घोडं तिथंच पाहिजे," दादा सांगायचा. "माझं हललं असतं तर आज मी तुमच्यात नसतो." मग काय, रोज अंगणात पत्र्याचे डबे बडव, पायांशी घमेलं आपट. सुरुवातीला तांबडी थरथरायची. मला तर चीड यायची, जनावराचे असले हाल बघून.

"अहो, थोडी भीती राहू दे की तिच्यात," वहिनी म्हणाली.

"भित्रं जनावर मरतं."

आणि एके सकाळी डबे वाजले, घमेलं आदळलं, तांबडीनं शेपूटसुद्धा हलवली नाही. दादा हसला. लढाईवरून आल्यावर पहिल्यांदा हसला हो! त्या हसण्यापायी वहिनी गप्प बसली.

त्या वर्षी कडबा आणायला दादा तांबडीला घेऊन नदीकाठी गेला. लगाम खाली टाकून तो टेकाडावर पेंढ्या बांधत बसला. वहिनी आणि मी शेताच्या पलीकडच्या रस्त्यानं त्याचं जेवण घेऊन येत होतो. आमच्याकडे पावसाचा थेंब नव्हता, पण वर कुठेतरी धो धो कोसळला असणार. नदी एकदम शेतात घुसली. शेजाऱ्याच्या म्हाताऱ्या घोडीनं खुंटा उपटला आणि ती टेकाडावर जाऊन उभी राहिली. तांबडीपासून ते टेकाड किती लांब? चार उड्यांवर. ती उभीच.

दादानं लष्करातले होते नव्हते ते सगळे हुकूम ओरडून पाहिले. पण तिला सोडवायचा हुकूम एकच होता, लगाम उचलायचा, आणि तो पाण्याखाली. दादानं उडी टाकली. गुडघ्यानं दगा दिला. शेजाऱ्यानं मानगूट धरून त्याला बाहेर ओढलं. इकडे वहिनी "ये गं बाई, ये गं बाई" करत घसा फोडत होती. मी तिला कमरेला मिठी मारून धरलं होतं, नाहीतर तीही गेली असती. पाणी तांबडीच्या पोटाला लागलं, मग मानेला. मग ती दिसेना.

त्यानंतर दादानं जनावर पाळलं नाही. शेत दुसऱ्याला कसायला दिलं आणि स्वतः लाकडाच्या वखारीत ओंडके ओढत राहिला. आईनं पाहुण्यांना घोडदळाचं सांगणं बंद केलं. वहिनी त्याचा गुडघा शेकायची, डबा भरून द्यायची. "शिव्या घाल मला, पण बोल," असं तो किती वेळा म्हणाला. ती म्हणायची, "नीट जेवा." लग्नानंतर मी माहेरी गेले की दुसऱ्याच दिवशी परत निघायचे.

दादा शेवटचा अंथरुणाला खिळला तेव्हा मी तिथंच होते. दुपारची वेळ, वहिनी त्याला चमच्यानं दूध पाजत होती. तो एकदम बोलायला लागला.

"एक सांगायचं राहिलंय. तांबडी तुला विसरली नव्हती. तुझी हाक ऐकली तिनं. दोन्ही कान तुझ्याकडे वळवले, पुढचा पाय उचलला. मी जवळ होतो, मला दिसलं. मग पाय होता तिथंच परत ठेवला."

आपण हिला काहीतरी चांगलं देतोय, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. अस्सा राग आला मला!

वहिनीचा हात थांबला.

"पाण्याच्या आवाजात तिला ऐकूच गेलं नसेल, असं मला वाटायचं," ती म्हणाली. "तेवढ्यावरच तर इतकी वर्षं काढली मी."

वाटी खाली ठेवून ती आत गेली. दादा त्यानंतर आठवडाभर होता. दूध मीच पाजलं.