ओर्टविनचा पारखलेला फोन

ओर्टविन लोझेनं फोनवर हवामानाचं अ‍ॅप निवडायला सव्वा महिना घेतला. लाइपझिगच्या पश्चिमेला आमच्या भाड्याच्या बागा आहेत, त्याची सत्तावीस नंबर, माझी अठ्ठावीस. मी कुंपणावरून रोज ओरडायचे, "अरे, मान वर कर! ढग आलेत!"

"ढग मला दिसतात, गुंडेल," तो म्हणायचा. "ढग बघताना मी कुणाकुणाला दिसतो, ते शोधतोय."

असा माणूस. चाळीस वर्षं रेल्वेच्या कारखान्यात डब्यांचे ब्रेक तपासले, निवृत्त झाल्यावर अ‍ॅप तपासायला लागला. पूर्व जर्मनीच्या जुन्या राजवटीत त्याच्यावर पाळत होती. पुढे त्या पाळतीची फाइल त्याला वाचायला मिळाली. शेजाऱ्यानं त्यात लिहून ठेवलं होतं की लोझे शनिवारी बहिणीशी फोनवर अकरा मिनिटं बोलला. तेव्हापासून तो कुणाला काही सहज सांगत नाही.

दर गुरुवारी तीन वाजता बागांच्या मंडळाच्या खोलीत तो आम्हा सात-आठ म्हाताऱ्यांना शिकवायचा. कॉफी इतकी पातळ की कपाच्या तळाशी रंगवलेली फुलं दिसावीत, सोबत कुणाच्या तरी घरचा केक. फुकट मिळालं म्हणून हुरळून जायचं नाही, हा त्याचा पहिला धडा. अ‍ॅप आतून कसं बनवलंय हे चारचौघांना उघडून बघता येतं का, आणि ते आपल्याकडे मागतंय काय, ते बघायचं. "टॉर्चला तुझी नंबरांची वही कशाला हवी, बाई? अंधारात कुणाला फोन लावणार आहे ती?" आम्ही हसायचो आणि टॉर्च काढून टाकायचो. नकाशा, कीबोर्ड, दिनदर्शिका, सगळं त्यानं पारखून दिलं.

निरोपांसाठी त्यानं स्वतःसाठी जे अ‍ॅप निवडलं, ते मात्र त्याच्या माणसांपैकी कुणाकडेच नव्हतं. भाऊ, भाचे, कारखान्यातले सोबती, सगळे दुसरीकडे. "माझ्याशी बोलायचं तर इकडे या," म्हणून हा अडून बसला आणि कुणी आलं नाही. बायको, सिग्रुन, गेल्यावर तर तो फोन मुकाच झाला. आली ती एकटी अनेट, त्याची मुलगी, ओस्लोला असते ती. दर रविवारी तिचा एक फोटो यायचा. खिडकीतलं मांजर, नाहीतर रस्त्यावरचा बर्फ. गुरुवारी तो आम्हाला दाखवायचा आणि आम्ही प्रत्येक वेळी मांजराचं कौतुक करायचो.

मार्चपासून फोटो थांबले. मी विचारलं तर म्हणाला, "तीही कंटाळली असेल." रविवारी तो तिला लिहीतच राहिला, उत्तर येईना. बागेत तो इतकं तण उपटायला लागला की वाफ्यात गाजरंही उरली नाहीत. मला दिसत होतं सगळं, पण आमच्याकडे दुसऱ्याच्या घरात नाक खुपसत नाहीत. मीही गप्प बसले.

जूनमध्ये धडा होता ठगांचा. आमच्याकडे हा प्रकार घरोघरी झालाय. अनोळखी नंबरवरून निरोप येतो, 'आई, फोन पाण्यात पडला, हा माझा नवा नंबर', आणि मग पैशांची मागणी. ओर्टविननं ताठ मानेनं आपला फोन सगळ्यांत फिरवायला दिला.

"मार्चमध्ये मलाही गाठलं होतं. अ‍ॅपनं लाल अक्षरांत सांगितलं, ओळख पटलेली नाही. मी अनेटच्या जुन्या नंबरवर फोन केला. बंद. लगेच त्या ठगाला अडवून टाकलं. कायमचं."

फोन माझ्या हातात आला. निरोप तीनच. फोन पाण्यात पडला, हा नवा नंबर. मग, बाबा, उचल ना. आणि तिसरा, चेरीचा मुरंबा संपलाय, या वर्षी दोन बरण्या पाठव.

"ओर्टविन," मी म्हणाले, "यात पैसे कुठे मागितलेत?"

"मागणारच होते. मी संधी दिली नाही."

"अरे गाढवा, ठग पैसे मागतो. ही मुरंबा मागतेय!"

"मुरंब्याचं त्यांना कळलं कुठून, तेच तर भयंकर आहे," तो म्हणाला. म्हणाला खरा, पण वाक्य संपेपर्यंत त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

केकला कुणी हात लावेना. मला त्याचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त. आणि त्या पोरीचाही. साधं पत्र टाकायला काय झालं होतं? पण तीही बापाचीच लेक.

त्यानं तो नंबर मोकळा केला. अडवलेल्या काळातले निरोप परत येत नाहीत. ते अ‍ॅप असलं काही साठवून ठेवतच नाही, म्हणून तर त्यानं ते निवडलं होतं. मग या शहाण्यानं काय लिहावं? "तू अनेट असल्याची खूण सांग." मी कपाळावर हात मारला.

दहा मिनिटांत उत्तर आलं. "खूण? जन्माचा दाखला पाठवू? तीन महिने, बाबा. मी आता काही सिद्ध करणार नाही."

अ‍ॅपनं पुन्हा विचारलं, ओळख पटली का? समोरासमोर बसून दोन्ही फोनवरचे ओळखीचे आकडे ताडून पाहिल्याशिवाय 'हो' दाबायचं नाही, हे त्यानंच आमच्या डोक्यात घातलेलं. त्यानं 'हो' दाबलं.

"कशावरून?" शेजारी बसलेल्या बुर्कहार्टनं विचारलं.

"चिडली की अशीच बोलते," ओर्टविन म्हणाला. "सिग्रुनही अशीच बोलायची."

त्यानं फोन लावला, तिनं उचलला नाही. मग त्यानं लिहिलं, "चुकलो. मुरंबा पाठवतो." आणि बसून राहिला. मंडळी एकेक करून गेली. मी कप विसळून पालथे घातले.

"वाचलं तरी का गं तिनं?" तो म्हणाला.

मी फोन घेऊन पाहिलं. समोरच्यानं निरोप वाचला की खूण येते, ती सोय बंद होती. हीसुद्धा पाळतच, म्हणून त्यानं पहिल्याच दिवशी बंद करून टाकली होती.

"आता चालू केली तर?"

"यापुढच्या निरोपांचं कळेल," मी म्हणाले. "याचं नाही."

"मग आणखी एक लिहितो," तो म्हणाला, पण काय लिहावं ते त्याला सुचेना.