दादाची गिटार मी घासून काढली

माझा थोरला भाऊ तीस-पस्तीस वर्षं एका गायन पार्टीत गिटार वाजवायचा. आमच्या भागात भीमगीतांच्या पार्ट्या पुष्कळ, पण त्यांच्यात पेटी, ढोलकी, फार तर बँजो असायचा. इलेक्ट्रिक गिटार एकट्या दादाकडं होती. सोलापूरच्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्रातून त्यानं ती आणली तेव्हा मी आठवीत होतो. वडील आधीच गेले होते. दादा माझ्याहून तेरा वर्षांनी मोठा, त्यामुळं मला वाढवलं ते त्यानंच. जयंतीचा महिना आला की तो घरी दिसायचा नाही. आज लोहारा, उद्या उमरगा, परवा नळदुर्ग. जीपच्या मागच्या बाकावर गिटार मांडीवर आडवी घेऊन बसायचा, लेकरू घेऊन बसावं तशी.

आणली तेव्हा ती मोरपंखी निळी होती. पुढं जिथं त्याचा उजवा हात टेकायचा तिथला रंग आधी फिका झाला, मग उडाला, मग खालचं लाकूड दिसायला लागलं, आणि शेवटी ते लाकूडही घामानं काळपट तांबूस झालं. पाठीमागं पट्ट्याच्या बक्कलनं ओरखड्यांचा एक गोल पडला होता. लोहाऱ्याला जीपमधून पडून कडेचा टवका उडालेला. एका गावात स्टेजवर टेबलावर बुद्धवंदनेच्या मेणबत्त्या लावलेल्या असताना गिटार त्याच टेबलाला टेकवून ठेवली, तिथं वरच्या कोपऱ्यात रुपयाएवढा जळका डाग पडला होता. दांड्याची मागची बाजू तर त्याच्या अंगठ्यानं इतकी गुळगुळीत झाली होती, की हात नुसता घसरायचा.

मी तुळजापुरात लाकडाला पॉलिश करायचं काम करतो. लॉजचे दरवाजे, दिवाण, कपाटं, देव्हारे. जुनं लाकूड नवं करून देणं हाच माझा धंदा. त्यामुळं ती गिटार माझ्या डोळ्यात खुपायची. कितीदा तरी मी म्हणालो असेन, "दादा, दोन दिवस दे. अशी करून देतो की वळखू येणार न्हाय."

"म्हणून तर देत न्हाय," तो म्हणायचा.

आम्ही दोघंही हसायचो. मला ती थट्टा वाटायची.

मागच्या दिवाळीनंतर दादाच्या छातीत दुखायला लागलं. सोलापूरला नेलं. डॉक्टरांनी छाती उघडून शस्त्रक्रिया करावी लागेल असं सांगितलं. दीड महिना तो तिथंच होता. वहिनी त्याच्यापाशी राहिल्या आणि मी तुळजापूर-सोलापूर येजा करत राहिलो. घराला कुलूप होतं, उंदरांचा उपद्रव होता, म्हणून वहिनींनी गिटार माझ्या दुकानात ठेवायला दिली. "नीट जपा," एवढंच म्हणाल्या.

शस्त्रक्रिया पार पडली. डॉक्टर म्हणाले, आता हे नवीन माणूस झाले. त्या वाक्यानं माझ्या डोक्यात घर केलं. माणूस नवा होऊन येतोय, तर त्याची गिटारही नवी करून ठेवावी. हे प्रेमानं केलं असं मी पुढं सगळ्यांना सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण एवढी वर्षं तो माझ्या हाताला नाही म्हणत आला होता, आणि आता नाही म्हणायला तो इथं नव्हता, हेही तितकंच खरं होतं.

तारा काढल्या. आतल्या वायरी, बटणं वेगळी करून डब्यात ठेवली. मग जाड पॉलिश पेपर घेऊन घासायला बसलो. दुपारपर्यंत निळा रंग सगळा भुकटी होऊन फरशीवर पडला होता. मेणबत्तीचा डाग खोल होता, त्याला वेळ लागला. टवका लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवला. हाताच्या जागेवरचं काळं लाकूड पांढरं होईपर्यंत घासलं. दांडाही सोडला नाही. मग स्प्रे गननं निळ्याचे तीन हात, वरून मोटारीला मारतात तसला चकचकीत थर. बटणं, तारा परत बसवल्या. आरशासारखी झाली. समोरच्या चहावाल्यानं विचारलं, नवी आणली का? माझी छाती फुगली.

दादा घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी ती घेऊन गेलो. तो उशीला टेकून बसला होता, अर्धा झालेला. मी वरची चादर काढली. त्यानं बघितलं आणि विचारलं, "ही कुणाची?"

"तुझीच की."

त्यानं ती मांडीवर घेतली. उजवा हात जिथं टेकायचा तिथं ठेवला, उचलला, परत ठेवला. मग उलटी करून पाठ बघितली. दांड्यावरनं अंगठा फिरवला, तो नव्या थराला चिकटून कुईकन वाजला.

"चांगली झालीया," शेवटी म्हणाला. "लई मेहनत घेतलीस."

त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आठ दिवसांनी गेलो तर गिटार कपाटावर होती. वहिनी मला अंगणात घेऊन गेल्या. "भाऊजी, त्ये तिला हात लावत न्हाईत," त्या म्हणाल्या. "परवा म्या म्हणलं वाजवा जरा, मन रमंल. तर म्हणले, तिच्यात माझं काय बी ऱ्हायलं न्हाय. अन् भिंतीकडं तोंड करून झोपले."

मग महिना गेला, दुसरा गेला. डॉक्टरांनी बसून हळूहळू वाजवायला परवानगी दिली होती, पण तो वाजवत नव्हता. खायचा नाही, बोलायचा नाही. मी दुकानात बसून मोबाईलवर गिटारींचे व्हिडिओ बघायला लागलो. तेव्हा मला कळलं, की परदेशात लोक नव्याकोऱ्या गिटारी मुद्दाम जुन्या करतात. रंग खरवडतात, किल्ल्यांनी टवके पाडतात, लाकडाला मळ चोळतात. मी ते व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितले. जे मी पुसलं ते मला परत काढता येईल, असं वाटायला लागलं.

पार्टीतले ढोलकीवाले काका येडशीला राहतात. दादाच्या सोबत त्यांनी उभं आयुष्य वाजवलं. मी त्यांच्याकडं गेलो आणि मनातलं सांगितलं. ते ढोलकीची दोरी आवळत होते, तेवढी पुरी आवळून मग बोलले.

"एकदा त्याला न इचारता केलंस. आता परत न इचारता करणार?"

"इचारलं तर तो नकोच म्हणंल, काका."

"मग झालं की."

"तुमी बघताय ना त्याला. तो असाच जाईल."

काका म्हणाले, "ती झीज त्याची होती. तू करशील ती तुझी आसंल. त्याला कळणार न्हाय असं वाटतं तुला? आंधळा झाला तरी कळंल." मग थोड्या वेळानं, जरा मऊ आवाजात, "तशीच ऱ्हाऊ दे. जगला तर परत झिजवंल."

मला ते पटलं. पण दादाच्या घरी जाऊन वहिनींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "काकांचं बरोबर हाय. पण ते रोज बघत न्हाईत यांच्याकडं. तुमी करा." मला हेच ऐकायचं होतं.

दादा झोपलेला असताना वहिनींनी कपाटावरची गिटार काढून दिली. मी कार्यक्रमांचे जुने फोटो गोळा केले. एका व्हिडिओत दादा पुढं वाकलेला होता, त्यात हाताची जागा स्पष्ट दिसत होती. तारा काढून पेन्सिलनं खुणा केल्या आणि सुरू झालो. इतक्या वर्षांत मी कधी एवढं अवघड काम केलं नव्हतं. माझ्या हाताला गुळगुळीत करायची सवय, खराब करताना तो नीटनेटकंच खराब करायचा. ओरखडे एका रांगेत यायचे. टवका कानशीनं पाडला तर तो पाडलेलाच दिसायचा. आतून लाकूड पांढरंफटक निघालं, त्याला चहाचं पाणी, तेलकट फडकं, काजळी असं काय काय चोळलं. मेणबत्ती पेटवून कोपऱ्यावर धरली तेव्हा रंगाला फोड आला. शाळेत असताना मी प्रगतिपुस्तकावर दादाची सही केली होती, ते आठवलं. सगळ्यात जास्त वेळ दांड्याला लागला. पेपरनं घासून झाल्यावर चार दिवस मी येताजाता नुसता तळहात चोळत होतो.

घेऊन गेलो तेव्हा वहिनी मुद्दाम स्वयंपाकघरात थांबल्या. मी गिटार त्याच्या मांडीवर ठेवली. त्याचा चेहरा क्षणभर उजळला. तेवढ्या एका क्षणासाठी मला वाटलं, जमलं.

मग त्यानं डोळे मिटून हात फिरवला.

"हे तू पाडलंस?"

"व्हय."

"लोहाऱ्याचा टवका इथं नव्हता. जरा वर होता."

"फोटोत नीट दिसत नव्हतं."

"व्हय, फोटोत कसं दिसंल." त्यानं उजवा हात मी केलेल्या जागेवर ठेवला. तो तिथं बसला नाही. आता छातीच्या टाक्यांमुळं त्याला गिटार खाली, बाजूला धरावी लागत होती. हात दोन बोटं पलीकडं टेकत होता, नव्या कोऱ्या रंगावर. ते त्यालाही दिसलं, मलाही दिसलं.

"नवी ऱ्हाऊ दिली असतीस तरी चाललं असतं," तो म्हणाला. "सवय करून घेतली असती. पण आता झिजवायला हातात जोर न्हाय, लेका."

मी रडलो. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. आजारी तो होता आणि समजूत माझी काढत होता. माझं मन राखायला त्यानं तारा लावायला सांगितल्या आणि जयंतीला आमच्याच वस्तीत, स्टेजवर खुर्चीत बसून दोन गाणी वाजवली. निवेदकानं माईकवर सांगितलं, बघा ही गिटार, पस्तीस वर्षांची तपश्चर्या हिच्यावर दिसते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादानं मान खाली घातली. दुसऱ्या गाण्याच्या मध्येच त्याची बोटं थांबली, काकांनी ढोलकीवर गाणं पुरं केलं. त्यानंतर त्यानं गिटार घेतली नाही. गणपती बसायच्या आधी तो गेला. हृदय थकलं होतं, असं डॉक्टर म्हणाले.

गिटार आता वहिनींच्या घरी त्याच्या फोटोखाली टांगलेली आहे. गावोगावचे लोक भेटायला येतात. उजव्या हाताच्या त्या जागेवर बोटं ठेवतात. काहीजण डोळे पुसतात. कुणी म्हणतं, "दादांचा हात लागलाय इथं."

एकदा मी वहिनींना म्हणालो, "खाली काढू का? सगळा रंग काढून कोरं लाकूड करतो. निदान खोटं तरी ऱ्हाणार न्हाय."

"आता तिला हात लावू नका, भाऊजी," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही.

काकांनाही विचारलं, लोकांना खरं सांगू का. ते म्हणाले, "सांगून तुला बरं वाटंल. लोकांस्नी काय वाटंल?" मी सांगितलं नाही. परवा मुरूमचा एक म्हातारा आला होता, दादाचं गाणं ऐकायला कधीकाळी सायकलवर यायचा म्हणे. त्यानं उजव्या हाताच्या त्या जागेवर कपाळ टेकवलं. वहिनींनी माझ्याकडं बघितलं. मी उठून बाहेर गेलो आणि तो जाईपर्यंत आत आलो नाही.