मागचं चाक अठराचं

एकोणनव्वद साली लष्कराचं आमचं सिग्नलचं, म्हणजे संदेशवहनाचं, युनिट लडाखमध्ये होतं. मी हवालदार, काम डिस्पॅच रायडरचं. म्हणजे मोटरसायकलवरून सरकारी कागद पोहोचवणारा. सिव्हिलियन माणसाला सैनिक म्हटला की बंदूकच दिसते. माझ्या हातात सोळा वर्षं क्लच आणि ब्रेक होता, आणि त्याचा मला कमीपणा कधी वाटला नाही.

माझ्याच सेक्शनमध्ये नाईक भास्कर होता. मी धावड्याचा, तो पिंपळगाव रेणुकाईचा. एकाच भोकरदन तालुक्यातली दोन माणसं इतक्या लांब एका बराकीत सापडली. ड्यूटीवर तो मला "साब" म्हणायचा. दोघेच असलो की "दादा", आणि मग आमची बोली मोकळी सुटायची.

त्या उन्हाळ्यात युनिटने मोटरसायकल एक्स्पिडिशन काढायचं ठरवलं. चार गाड्या, चार माणसं, नऊ दिवस, दोन उंच खिंडी. सोबत जीप नाही. जे लागेल ते गाडीवरच बांधून न्यायचं. लीडर एक तरुण कॅप्टन साहेब. मी आणि भास्कर मार्चमध्ये सुट्टीवर निघालो तेव्हा ते म्हणाले, "टायर का साइज तुम लोग तय करके आओ."

टायरवर दोन आकडे असतात. पहिला रुंदीचा, दुसरा आतल्या रिमच्या व्यासाचा, दोन्ही इंचांत. आमच्या साडेतीनशे सीसीच्या गाड्यांना पुढे-मागे एकोणीसचीच रिम होती आणि टायर सव्वातीन इंच रुंद. मला ते हडकुळं वाटायचं. जालन्यात मस्तगडला रशीदभाईंचं टायरचं दुकान. तिथून मी अठराची रिम आणि चार इंच रुंद, खोल खाचांचा टायर घेतला, माझ्या घरच्या गाडीच्या मागच्या चाकाला बसवला आणि धावड्याच्या रानात नेला. नुकतंच पाणी दिलेल्या काळ्या मातीत गाडी घातली. हवा कमी ठेवली होती. गाडी म्हशीसारखी निवांत चालत पार गेली. भास्करची साधी गाडी त्याच वाफ्यात मडगार्डपर्यंत रुतली. मी बांधावर उभा राहून पोट धरून हसलो.

गाडी ओढून काढल्यावर भास्कर म्हणाला, "दादा, तिकडं कुठं हाय असा चिखल? तिकडं समदा दगुड."

"दगडावर तर अजून बराबर चालंल."

"माप येगळं झालं ना पन. आपल्या चार गाड्या, आठ चाकं, समदी एकोणीसची. कोनाचीबी ट्यूब फाटली तर कोनाचीबी बसती. तुव्हं एकच चाक अठराचं. तू एकटा पडशीन."

बोलणं बिनतोड होतं. पण तो नाईक, मी हवालदार, आणि आत्ताच माझी गाडी पार गेली होती. आमच्याकडच्या माणसाला वाईट रस्ता म्हटला की चिखलच आठवतो. मी डोंगराचा टायर काळ्या मातीत पारखला. परत गेल्यावर माझ्या एक्स्पिडिशनच्या गाडीला मागे अठराचं चाक बसवून घेतलं. कॅप्टन साहेबांना म्हणालो, "टेस्ट करके देखा है, साब." खोटं नव्हतं ते.

जूनच्या शेवटी निघालो. पहिले दोन दिवस ठीक गेले. तिसऱ्या दिवशी माझी मागची ट्यूब दगडावर आपटून फाटली. हवा कमी ठेवायची सवय चिखलातली. दगडात तीच सवय ट्यूबला रिमवर चेचते. पाचव्या दिवशी दुसरी गेली. अठराच्या स्पेअर ट्यूब दोनच होत्या. एकोणीसच्या चार, चारही कोऱ्या.

सहावा दिवस. सकाळी साडेसहाला निघालो. वाटेत एक नाला लागणार होता. बर्फाच्या पाण्याचा नाला सकाळी घोट्याएवढा असतो. ऊन चढलं की वर बर्फ वितळतो आणि दुपारनंतर कमरेपर्यंत येतो. तो बारा वाजायच्या आत ओलांडायचा, असा कॅप्टन साहेबांचा हुकूम होता. नाल्यापलीकडे आमची पोस्ट होती.

अकरा दहाला, नाल्याच्या चौदा किलोमीटर अलीकडे, माझं मागचं चाक बसलं. थंडीत सोल्यूशन वाळेना आणि पॅच धरेना. मग एकोणीसची ट्यूब अठराच्या टायरमध्ये कोंबली. तिला घडी पडली आणि ती तिथेच फुटली. भास्कर एका शब्दाने "मी सांगितलं होतं" म्हणाला नाही. गुडघ्यावर बसून टायर लिव्हर धरून राहिला.

बारा वाजता कॅप्टन साहेब म्हणाले, "गाड़ी छोड़ दो. किसी के पीछे बैठ जाओ."

मी म्हणालो, "दस मिनट, साब."

साडेबाराला ते तेच म्हणाले. मी तेच उत्तर दिलं. एकलाही दिलं. साहेब वयाने लहान, मी जुना माणूस, त्यांनी ऐकलं. पुढे लिहिलेल्या रिपोर्टमध्ये या दहा मिनिटांचा उल्लेख कुठेही नाही.

दोनला आमच्या चौथ्या माणसाला, एका लान्स नाईकला, उलट्या सुरू झाल्या. हवा विरळ असली की कुणालाही होतं. पण त्याचे ओठ निळे पडले, बोलणं अडखळायला लागलं. त्याला ताबडतोब खाली उतरवणं, पोस्टवर ऑक्सिजन देणं, हाच इलाज. माझी आणि त्याची गाडी तिथेच टाकली, त्याला साहेबांनी मागे घेतलं. मी भास्करच्या मागे बसलो. जे बाराला करायचं ते मी दोनला केलं.

पावणेचारला नाल्यावर पोहोचलो. पाणी मांडीच्या वर होतं. कॅप्टन साहेबांनी पोस्टशी बोलायला वायरलेस सेट उघडला.

"नाले पर हैं. एक पेशंट है. ओव्हर."

"पानी बहुत है. सुबह तक रुक सकते हो? ओव्हर."

साहेबांनी लान्स नाईककडे पाहिलं. "निगेटिव्ह. आउट."

ते बूट सोडायला खाली वाकले. स्वतः पहिले उतरणार होते. त्यांनी मान वर करेपर्यंत भास्करने दोर कमरेला बांधला होता. "साब, मैं देखता हूँ," म्हणाला. माझ्याकडे वळून म्हणाला, "दादा, दोर ढिला सोडू नको." तीन अठ्ठेचाळीसला तो पाण्यात उतरला.

तो पार गेला. कमरेचा दोर सोडून पलीकडच्या खडकाला बांधला आणि पुन्हा मधोमध येऊन उभा राहिला, पेशंटला आधार द्यायला. कॅप्टन साहेब आणि लान्स नाईक दोर धरून निघाले. मधल्या ओढीत भास्करने पेशंटला खांद्याने पुढे रेटलं. ते दोघे पार झाले. मी शेवटचा. दोनच पावलं टाकली असतील. पाण्याखालून मोठा दगड गडगडत आल्याचा आवाज आला. तो भास्करच्या पायांवर बसला. भास्कर आडवा झाला आणि त्याच्या हातातून दोर सुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वीसला तो दोन किलोमीटर खाली सापडला. लान्स नाईक वाचला.

मी पिंपळगावला गेलो, तेव्हा त्याच्या वडिलांना, आबांना, रिपोर्टमध्ये होतं तेवढंच सांगितलं. पुढे पेन्शन घेऊन जालन्याला आलो आणि रशीदभाईंच्या दुकानात बसू लागलो. वर्षातून एकदा आबांकडे जायचो, चहा घ्यायचो आणि यायचो. टायरचा विषय तोंडातून निघाला नाही. भित्रा होतो, दुसरं काय.

दोन हजार दोनच्या मे महिन्यात भास्करचा धाकटा भाऊ सुधाकर मस्तगडला रशीदभाईंच्या दुकानात मला शोधत आला. शाळेत मास्तर आहे. दोन मित्रांबरोबर मोटरसायकलने निघाला होता, भाऊ गेला तो नाला बघायला. म्हणाला, "आबा म्हनले, टायरचं माप हवालदाराला इचारूनच घे."

मला दुकानात उभं राहवेना. त्याला म्हणालो, "आधी पिंपळगावला चल."

आबा पडवीत वाळलेल्या मिरच्यांचे देठ खुडत होते. मी त्यांच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. अठराचं चाक, कोऱ्या राहिलेल्या एकोणीसच्या ट्यूबा, तीन वेळा म्हटलेली दहा मिनिटं. सुधाकर दाराला टेकून ऐकत होता. मला रडू आवरलं नाही. आबांचे हात थांबले नाहीत.

मग म्हणाले, "तुह्या हट्टापायी उशीर झाला. बराबर. ती चूक तुहीच. मी काय ती पुसत न्हाई."

"हो, आबा."

"मंग पान्यात त्याला तू धाडलं?"

"नाही."

"साहेबानं हुकूम देल्ता?"

"नाही. साहेब स्वतः उतरणार होते. भास्करने आधीच दोर बांधला."

आबांनी मिरची खाली ठेवली. "तेरा वर्सं झाली, समदंच आपल्या नावावर करून बसलाय तू. माह्या पोरानं केलं, तेवढं तरी त्याच्या नावावर राहू दे."

दुसऱ्या दिवशी रशीदभाईंकडे सुधाकरच्या आणि त्याच्या मित्रांच्या तिन्ही गाड्यांना पुढे-मागे एकाच मापाचे टायर बसवले. हवा किती ठेवायची ते मी टाकीवर खडूने लिहून दिलं. जुलैत तिघेही सुखरूप परत आले.

पोरं अजून माप विचारायला येतात. मी सांगतो, आणि माझी चूकही सांगतो. पण तिथे थांबत नाही. नाईक भास्कर दुपारी तीन अठ्ठेचाळीसला त्या नाल्यात उतरला. त्याला कोणीही पाठवलं नव्हतं.